चेलोच्या फळीची गिटार

माझी ताई खुर्च्या करते. गिटारच्या वाटेला ती गेली ती रागाच्या भरात.

राग भावोजींवर होता. भावोजी शाळेत भूगोल शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये गिटार वाजवायचे. एकदा कार्यक्रम आटोपून अँप्लिफायर उचलून जिना उतरताना त्यांचा पाय घसरला. अँप्लिफायरला ओरखडासुद्धा आला नाही, भावोजींचा डावा खांदा मात्र मोडला. ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी बसली आणि डॉक्टरांनी बजावलं की या खांद्यावर आता जड काही लटकवायचं नाही. भावोजींची गिटार भरीव लाकडाची, चांगली दणकट आणि जड. ती पेटीत गेली, पेटी पलंगाखाली गेली आणि भावोजी म्हणाले, "चला, झालं आपलं वाजवून."

हे 'झालं' ताईला झोंबलं. पुढे कित्येक दिवस तिच्या कारखान्यातून हातोडीचा आवाज जरा जास्तच यायचा. मला तो ऐकू यायचा, कारण माझं मोटर वाइंडिंगचं दुकान तिच्या कारखान्याला लागूनच आहे. जळलेल्या मोटरी आणि पंखे यांच्या कॉइली मी पुन्हा गुंडाळून देतो. दुपारचं जेवण मात्र रोज ताईकडे.

अशाच एका दुपारी, भावोजींना शाळेला सुट्टी होती तेव्हा, ताईने त्यांच्या ताटात भाजी वाढता वाढता विचारलं, "अहो, वजन हीच अडचण आहे ना?"

"हो."

"मग हलकी गिटार नसते का?"

"असते की. आतून पोकळ असते. वरची आणि खालची फळी व्हायोलिनसारखी फुगीर, जाड लाकडातून कोरून काढलेली. पण ती लोक महिनोन्‌महिने बसून हाताने करतात गं. आपल्याला कुठली मिळायला?"

भावोजी पुढे जेवू लागले. मी ताईकडे पाहिलं आणि माझा घास हातातच राहिला. 'हाताने करतात' एवढंच तिने ऐकलं होतं. बाकीचं वाक्य तिच्या लेखी झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन सरसआजोबांकडे गेली. हे आजोबा व्हायोलिनं दुरुस्त करतात. खरं नाव कोणी घेत नाही. त्यांच्या दुकानात सदोदित सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्याचा गोंद, शिजत असतो आणि त्या वासाने नवखं माणूस उंबऱ्यातूनच मागे फिरतं. शिवाय स्वतःच्या कामाबद्दल विचारलं की ते न लाजता सांगतात, "सरस आहे!" त्यामुळे नाव दोन्ही अंगांनी चिकटलं.

ताईने काय करायचंय ते सांगितलं. आजोबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाद्य कधी केलंयस?"

"नाही."

"वाजवतेस?"

"नाही. मला सुरातलं काही कळत नाही. मी गायला लागले की हे खिडक्या लावून घेतात."

"मग येतं काय तुला?"

"लाकूड," ताई म्हणाली.

आजोबांनी तिचे हात पुढे करायला लावले, उलटेसुलटे करून पाहिले आणि आतल्या खोलीत गेले. बाहेर आले ते धूळ बसलेली एक जाड फळी घेऊन. स्प्रूस नावाच्या झाडाची होती, वजनाला हलकी, रंगाने फिकी, आणि तिच्यावरचे रेशे कंगव्याच्या दातांसारखे सरळ आणि जवळजवळ. एका चेलोसाठी, म्हणजे खुर्चीत बसून वाजवायच्या थोरल्या व्हायोलिनसाठी, त्यांनी ती जपून ठेवली होती, पण चेलो मागणारं गिऱ्हाईक कधी आलंच नाही. त्यांनी फळी कोपऱ्याला दोन बोटांत धरून लटकवली आणि मधोमध टिचकी मारली. आवाज बराच वेळ रेंगाळला.

"ऐकलंस?"

"हे लाकूड झोपलेलं नाही," ताई म्हणाली.

आजोबा हसले. त्यांच्या भिंतीवर दांडी मोडलेली एक जुनी पोकळ गिटार टांगलेली होती. तिची मापं घ्यायची त्यांनी परवानगी दिली, आणि एक अटही घातली. "जोडकाम सगळं सरसानेच करायचं. बाजारातला पांढरा गोंद लावलास तर माझ्या दुकानात पाय ठेवू नकोस. सरसाचा जोड ऊन लागलं, वाफ लागली की सुटतो. वाद्य पुन्हा उघडता आलं पाहिजे. माणसं चुकतात."

ताईने ती फळी जाडीतून उभी चिरली आणि पुस्तक उघडावं तशी दोन्ही पानं शेजारी शेजारी मांडली. एका पानावरचे रेशे दुसऱ्या पानावर आरशात पाहावेत तसे उतरले होते. दोन्ही कडांना तिने इतका बारीक रंधा मारला, की त्या एकमेकींना टेकवून खिडकीसमोर धरल्यावर मधून उजेडाची रेघसुद्धा दिसेना. मग सरस लावून जोडल्या. खालच्या फळीला तिने खुर्च्यांसाठी राखून ठेवलेलं मेपलचं लाकूड काढलं. त्यात आडव्या लाटा होत्या, पाण्यावर वाऱ्याची झुळूक जावी तशा. "हे मी एका झुलत्या खुर्चीसाठी ठेवलं होतं," ती म्हणाली, आणि पुन्हा त्या खुर्चीचं नाव काढलं नाही.

बाजूच्या पट्ट्यांची मला काळजी नव्हती. खुर्चीच्या पाठीचे बाक ती रोज वाफेवर वाकवते. पण इथे पट्ट्या पातळ होत्या आणि वळण घट्ट. पहिली पट्टी गिटारच्या कमरेच्या वळणाशी तडकली. ताईने ती चुलीत घातली आणि दुसरी घेतली. वाफेच्या डब्यातून काढून गरम लोखंडी नळीवर ती पट्टी दाबत होती तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. जोर अजिबात लावत नव्हती. लाकूड कधी मऊ पडतंय याची वाट पाहत होती, आणि ते पडलं की त्याच्याबरोबर हळूच झुकत होती. तापातल्या पोराला औषध पाजताना आई असते तशी.

खरी कसोटी होती ती कोरण्याची. मध्ये जाड, कडेला पातळ, आणि मधले उतार असे की बोट फिरवलं तर कुठे अडखळता कामा नये. मोठ्या पटाशीने ढलप्या निघायच्या, मग अंगठ्याएवढ्या छोट्या रंध्याने सालं निघायची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. दर थोड्या वेळाने ती जाडी मोजून फळीवर पेन्सिलीने आकडा टाकायची आणि सारख्या जाडीच्या जागा रेघेने जोडायची. मग फळी उचलून कानाशी धरायची, बोटाच्या पेराने ठोकायची, दोन्ही अंगठ्यांनी किंचित वाकवून पाहायची आणि पुन्हा रंधा.

"काय ऐकतेस?" मी एकदा विचारलं.

"आधी हिचा आवाज दार ठोठावल्यासारखा येत होता. आता रिकाम्या घरात कोणीतरी बोलल्यासारखा येतोय."

"आणि कसा यायला पाहिजे?"

"ते आलं की कळेल. तू तुझ्या पंख्यांकडे बघ."

एक दिवस मी जेवायला गेलो तर ती फळीच्या एकाच जागी बोट फिरवत बसली होती. कोरता कोरता आतून राळेची एक पोकळी उघडी पडली होती. नखाएवढा चिकट, तपकिरी खड्डा, नेमका फळीच्या दर्शनी भागात. इतक्या दिवसांची मेहनत आणि लाकडाच्या पोटात हे निघावं! मी म्हटलं, "बुजव ना. तुकडा बसव, कोणाला दिसणार आहे?"

"मला दिसेल."

जेवण झालं, भांडी झाली, तरी ती फळीकडेच बघत होती. मग अचानक उठली. या गिटारच्या वरच्या फळीला दोन्ही बाजूंना इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराची लांबट भोकं असतात, आतला आवाज बाहेर यायला. त्यांचा कागदी साचा तिने करून ठेवलेलाच होता. तिने तो फळीवर ठेवला, थोडा खाली सरकवला, किंचित तिरका केला, आणि ती पोकळी बरोबर भोकाच्या पोटात आली. दुसऱ्या बाजूचं भोकही तिने तितकंच सरकवलं. करवत फिरली आणि राळेचा खड्डा लाकडाच्या तुकड्यासकट जमिनीवर पडला. आज ती गिटार पाहणारे म्हणतात, भोकांना काय छान बाक दिलाय. ताई म्हणते, "हो ना."

माझ्या वाट्याला आलं ते पिकअपचं काम. गिटार विजेवर वाजायची तर तारांची थरथर पकडणारी वस्तू हवी. म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची कॉइल. कॉइल म्हटल्यावर माझी छाती फुगली. मी ऐटीत एक भरभक्कम पिकअप बनवून नेला आणि फळीवर पेन्सिलीने चौकोन आखून म्हटलं, "इथे एवढं भोक पाड, बसवून देतो."

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन्सिल खिशात घातली.

"भोक? इतके दिवस मी हे कोरतेय ते तुझ्यासाठी भोक पाडायला?"

"अगं, पण मग बसवू कुठे?"

"दांडीच्या टोकाला लटकव. फळीला शिवायचं नाही. आणि हे तुझं धूड तारांखाली मावणार नाही. बारीक करून आण."

मी निमूटपणे परत गेलो. पंख्याच्या मोटरीत चूक झाली तर वास येतो, धूर येतो, निदान कळतं तरी. या तारेत चूक झाली तर ती नुसती तुटते, आणि तुटलेलं टोक शोधता शोधता माणूस म्हातारा होतो. किती कॉइली वाया गेल्या ते विचारू नका. शेवटी एक चपटी, बिस्किटासारखी कॉइल जमली. ती वितळलेल्या मेणात बुडवून काढली, म्हणजे आतली तार थरथरून स्वतःच किंचाळायला नको. ताईने ती बोटांत धरून पाहिली. "शाबास, धाकट्या," म्हणाली. तिच्या तोंडून शाबासकी म्हणजे दुर्मिळ माल. मी अजून पुरवून पुरवून वापरतो.

भावोजींना या सगळ्याचा पत्ता नव्हता. एका गिऱ्हाइकाचं नक्षीकाम चाललंय एवढंच ताईने सांगितलं होतं, आणि भावोजी कारखान्यात फारसे येतही नसत. भुशाने त्यांना शिंका येतात. पण एका संध्याकाळी ते चहाला बोलवायला आले आणि बाकावर उताणी पडलेली ती फळी त्यांना दिसली. तिच्यावर ताईच्या पेन्सिलीच्या रेघा तशाच होत्या, एकात एक बसलेली वर्तुळं आणि प्रत्येकीवर आकडा.

भूगोलाचे मास्तर ते. वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरे वा, समोच्च रेषा! हा कुठला डोंगर?"

 भावोजींची नजर डोंगरावरून बाजूच्या दोन भोकांवर गेली, तिथून भिंतीला टेकवलेल्या वाकड्या पट्ट्यांवर, आणि मग माझ्यावर. मी मोटरीकडे बघायला लागलो. तिथे मोटर नव्हती, पण मी बघायला लागलो.

"हे काय आहे?"

"तुमची गिटार," ताई म्हणाली.

मला वाटलं होतं, भावोजी हरखून जातील. ते स्टुलावर बसले आणि त्यांचा चेहरा पडला.

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतात."

"मग नकोच आहे," ते म्हणाले. जमिनीकडे बघत, हळू आवाजात पुढे बोलले. "खांदा तर केव्हाच बरा झाला गं. जुनी गिटार मांडीवर घेऊन, बसून वाजवता आली असती. एकदा घेतली होती. तू बाजारात गेली होतीस. बोटं चालेनात. साधी साधी जागा चुकत होती. म्हटलं, आता लोकांसमोर जाऊन हसं करून घ्यायचं त्यापेक्षा खांदा आहेच सांगायला. आता तू हे करून ठेवलंस, मी काय सांगू लोकांना?"

 मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण दार भावोजींच्या पलीकडे होतं.

"मला माहीत होतं," ताई म्हणाली.

"काय?"

"पेटीवरची धूळ पुसलेली होती. तुम्ही घरातलं दुसरं काही कधी पुसत नाही."

"माहीत होतं तर मग ही कशाला करतेयस?"

"आता सुरू केलीय ना," ताई म्हणाली, जणू याहून मोठं कारण जगात नसतं. मग हातातला रंधा ठेवून ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "अहो, चुकाल तर चुकाल. मी किती खुर्च्या चुकले, ठाऊक आहे ना? त्या सगळ्या आपल्याच स्वयंपाकघरात आहेत. रोज त्यांच्यावर बसून जेवतो की नाही आपण?"

भावोजी हसले नाहीत, पण तडक निघूनही गेले नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि फळीच्या उतारावरून बोटं फिरवली, अगदी सावकाश, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. "उतार एकसारखा आहे," ते म्हणाले. "कुठे कडा नाही." आणि चहा प्यायला निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून पलंगाखालची पेटी बाहेर आली. संध्याकाळी आतल्या खोलीतून तेच तेच चार सूर पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागले. इकडे कारखान्यात ताई दांडीला पडदे, म्हणजे सुरांच्या जागा दाखवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवत होती.

फळ्या आणि पट्ट्या जोडून गिटारचं पोट बंद झालं, पॉलिशचे पातळ पातळ हात चढले, तारा लागल्या. रंग तिने मधाचा ठेवला होता, कडेला जरा गडद. पहिल्यांदा वाजवायची वेळ आली तेव्हा आम्ही तिघं स्वयंपाकघरात होतो. मी अँप्लिफायर आणला होता, पण ताई म्हणाली, "आधी तशीच." भावोजींनी गिटार मांडीवर घेतली. वजन जाणवून त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी अंगठ्याने सगळ्या तारांवरून एकच फटकारा दिला.

आवाज भिंतींवर आपटला नाही, खोलीत पसरला. ओट्यावरच्या स्टीलच्या वाट्या बारीक किणकिणल्या. भावोजी पुढे काही वाजवीचनात. गिटारच्या पाठीवर तळवा ठेवून ते सूर विरेपर्यंत बसून राहिले.

"काय झालं? बिघडलंय का काही?" ताईने घाबरून विचारलं. सुरातलं तिला कळत नाही, हे ती खरंच बोलली होती.

"पोटात लागतंय," भावोजी म्हणाले. "वाजवतोय मी आणि लागतंय मलाच." त्यांचे डोळे भरून आले होते. ताई उठली आणि काही कारण नसताना नळ सोडून हात धुवायला लागली.

पुढचा कार्यक्रम एका छापखान्याच्या कामगारांच्या मेळाव्यात होता, रविवारी दुपारी. बँडची गायिका दिवसा दातांची डॉक्टर आहे. लोकांना तोंड उघडायला लावणं हा तिचा दोन्हीकडचा धंदा. भावोजी परत येताहेत म्हणून तिने एका गाण्यात त्यांना एकट्याने वाजवायला लांबलचक जागा ठेवली होती. मी आणि ताई पुढच्या रांगेत बसलो. ताईने ठेवणीतले कपडे घातले होते आणि नखांतलं पॉलिश काढायचा निष्फळ प्रयत्नही केला होता.

पहिलं गाणं ठीक गेलं. भावोजी एकदा चुकले, पण ते मला आणि त्यांनाच कळलं. दुसऱ्या गाण्याला ढोलताशे बडवावेत तसा ड्रमवाला सुटला, त्याच्यापुढे ऐकू यावं म्हणून भावोजींनी अँप्लिफायरचा आवाज वाढवला आणि खर्जातल्या एका सुरावर गिटार घुमायला लागली. घूंऽऽ! तारेवरचं बोट उचललं तरी थांबेना. अँप्लिफायरचा आवाज गिटारच्या पोटात शिरत होता, पोट थरथरत होतं, ती थरथर पुन्हा अँप्लिफायरमधून मोठी होऊन बाहेर पडत होती. खिडक्यांच्या काचा हादरल्या. लोकांनी कानांवर हात ठेवले. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, रेडा बांधून ठेवा!" आणि सगळं सभागृह हसलं.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. मी भावोजींकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, नजर स्टेजवरून खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे होती. आता हा माणूस पेटी बंद करणार आणि पुन्हा कधी उघडणार नाही, असं मला वाटलं.

त्यांचा हात बटणाकडे गेला. त्यांनी आवाज पार शून्यावर आणला. घुमणं थांबलं. मग त्यांनी एक खुर्ची ओढली, स्टेजच्या अगदी पुढच्या कडेला ठेवली, तिच्यावर बसले आणि गिटार मांडीवर घेतली. ड्रमवाल्याकडे बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं, वर्गात ठेवतात तसं. ड्रमवाला थांबला. डॉक्टरीणबाईंना क्षणात उमगलं. त्या स्वतःचा माइक काढून घेऊन खाली गुडघ्यांवर बसल्या आणि तो त्यांनी ताईने कापलेल्या त्या तिरक्या भोकासमोर धरला.

भावोजी वाजवू लागले. अँप्लिफायर नाही, माझी कॉइल नाही. नुसतं लाकूड आणि तारा. आवाज मोठा नव्हता, म्हणून लोकांना गप्प व्हावं लागलं. आधी पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मागच्या. रेडा म्हणणारासुद्धा पुढे येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. भावोजींनी जागा संपवायला हवी होती तिथे ती संपवली नाही. ते वाजवतच राहिले, चुकले तिथे तीच चूक पुन्हा वाजवून तिची सुरावट केली, आणि एकदासुद्धा बोटांकडे पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंचे गुडघे दुखत असणार. त्या हलल्या नाहीत.

टाळ्या वाजल्या तेव्हा ताईने माझ्या कानात विचारलं, "चांगलं वाजवलं ना रे? खरं सांग."

"ताई," मी म्हटलं, "इतकं चांगलं त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं." आणि ते खरं होतं.

घरी आल्यावर भावोजी बोलत सुटले होते, ताई मात्र गिटार पुसत बसली होती. साउंडवाल्याने सल्ला दिला होता, भोकांतून आत स्पंज कोंबा, घुमायची बंद होईल. ती एकदम म्हणाली, "स्पंजच कोंबायचा तर इतकं कोरलं कशाला? खोकंच केलं नसतं का?" दुसऱ्या दिवशी ती गिटार घेऊन सरसआजोबांकडे गेली. आता उघडून फळी जाड करावी लागणार, ही धास्ती तिच्या मनात होती.

आजोबांनी गिटार वाजवली नाही. कडा पाहिल्या, भोकं पाहिली, डोळा लावून आतला सगळा जोड तपासला आणि म्हणाले, "उघडू नकोस. एवढं पातळ, एवढं नेमकं कोरलंय, आता पुन्हा हात लावलास तर पाप लागेल." मग एका व्हायोलिनच्या भोकातून त्यांनी तिला आतली उभी काडी दाखवली. वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये नुसता अडकवलेला टेकू, ना खिळा ना सरस. "असा एक टेकू लाव. वरची फळी बेफाम झाली की तो तिला आवरेल. पण कुठे लावायचा ते मी सांगू शकत नाही. प्रत्येक वाद्याची जागा वेगळी."

ती जागा शोधायला आमची एक अख्खी सुट्टी गेली. चेलोच्या फळीचा उरलेला तुकडा तासून ताईने बोटाएवढी काडी केली, सायकलचा आरा वाकवून आकडा केला आणि भोकातून तो आत घालून काडी उभी करायला लागली. आत काहीच दिसत नव्हतं, ती डोळे मिटूनच काम करत होती. काडी घोडीच्या, म्हणजे तारा ज्या लाकडी पुलावर टेकतात त्याच्या, फार जवळ गेली की गिटारचा आवाज सर्दी झाल्यासारखा बसायचा. फार लांब गेली की पुन्हा घूंऽऽ. मी अँप्लिफायरच्या बटणावर होतो, भावोजी तोच खर्जाचा सूर पुन्हा पुन्हा लावत होते.

"आता?"

"सर्दी."

"आता?"

"रेडा."

काडी पडायची, गिटार उलटी करून हलवून बाहेर काढायची, पुन्हा आत. ताई एकदाही वैतागली नाही. मी तीनदा वैतागलो. शेवटी तिने काडीचं वरचं टोक किंचित खरवडलं, पुन्हा उभी केली, आकड्याने केसभर सरकवली आणि हात काढून घेतला.

भावोजींनी सूर लावला. मी आवाज वाढवला. घुमलं नाही. आणखी वाढवला. खिडकीची काच थरथरली, बाकावरचे खिळे नाचले, पण बोट उचललं की सूर जिथल्या तिथे थांबत होता. मग त्यांनी आवाज बंद करायला लावला आणि तशीच वाजवून पाहिली. पोटातला आवाज जागेवर होता; किंचित गंभीर झाला होता, एवढंच.

"आहे तशीच आहे," भावोजी म्हणाले. "फक्त जरा मोठी झालीय."

आणि मग ते थांबेचनात. बँडची गाणी वाजवून झाली, जुनी वाजवून झाली, मध्येच काहीतरी नवीनच जुळवायला लागले. माझी कॉइल तोंडभर गात होती. समोर न विकलेली एक खुर्ची होती. ताईने तिच्यावरचा भुसा झटकला, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि ती ऐकत बसली. तिच्या बोटांच्या पेरांना पटाशीचे घट्टे पडलेत, डाव्या अंगठ्यावर जुना वण आहे. ते हात काही करत नाहीत असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने तिने भावोजींना विचारलं, "खांदा दुखतोय का?"

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि वाजवत राहिले.